२३ लाख उत्तरं, सहा माणसं

३१ ऑक्टोबर १९३६ च्या अंकात अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने आपल्या चाचणी मतदानाचे शेवटचे आकडे छापले. अध्यक्षपदाची निवडणूक तीन दिवसांवर आली होती. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार, कॅन्ससचे गव्हर्नर आल्फ्रेड लँडन यांना १२,९३,६६९ मतं, विद्यमान अध्यक्ष, डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ९,७२,८९७. इतर उमेदवार आणि किरकोळ उत्तरं धरून एकूण २३,७६,५२३ कार्डं. दोन मुख्य उमेदवारांपुरतं बोलायचं तर लँडन ५७ टक्के, रूझवेल्ट ४३ टक्के. राज्यवार हिशेब मांडून निर्वाचक मंडळात, म्हणजे शेवटी अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींच्या मतांत, लँडन ३७० आणि रूझवेल्ट १६१, असंही सांगितलं गेलं.

३ नोव्हेंबरला मतदान झालं. रूझवेल्टना जवळपास ६१ टक्के मतं पडली, लँडनना साडेछत्तीस. निर्वाचक मंडळात ५२३ विरुद्ध ८. लँडन यांच्या वाट्याला मेन आणि व्हर्मॉन्ट ही दोनच राज्यं आली. फक्त या दोघांच्या मतांचा हिशेब केला तर रूझवेल्टचा वाटा ६२.५ टक्के भरतो. म्हणजे अंदाज साडेएकोणीस टक्क्यांनी चुकला. १९३८ मध्ये साप्ताहिक बंद झालं.

नमुना पाहणी शिकवताना हे प्रकरण हमखास येतं आणि सांगण्याची पद्धतही ठरून गेली आहे: टेलिफोन आणि मोटारी असलेल्या सुखवस्तू लोकांनाच विचारलं, म्हणून अंदाज चुकला. हे खोटं नाही, पण अर्धं आहे. तिथेच थांबलं की ऐकणाऱ्याच्या मनात एक चुकीची समजूत पक्की होते, की यादी नीट केली म्हणजे काम झालं. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो उरलेला अर्धा भाग. म्हणून ते इथे सुटं करून, जमेल तिथे आकडेमोड करून मांडतो आहे.

कार्ड कुणाला गेलं

डायजेस्टची पद्धत साधी होती. कार्ड छापायचं, टपालाने पाठवायचं, परत येतील ती मोजायची आणि दर आठवड्याला आकडे छापायचे. १९३६ मध्ये अशी सुमारे १ कोटी कार्डं गेली. नावं-पत्ते प्रामुख्याने टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदणीच्या याद्यांमधून घेतले होते. काही शहरांत मतदार याद्याही वापरल्या. कार्डावर यंदा मत कोणाला देणार हा मुख्य प्रश्न, आणि सोबत आणखी एक: १९३२ मध्ये कोणाला दिलं होतं? हा दुसरा प्रश्न लक्षात असू द्या, त्याच्याकडे शेवटी परत यायचं आहे.

ही यादी १९३६ मध्ये अचानक बिघडली नव्हती. १९२० पासूनच्या चारही अध्यक्षीय निवडणुकांत डायजेस्टचा विजेता बरोबर ठरला होता आणि १९३२ चा अंदाज तर निकालाच्या अगदी जवळ गेला होता. याद्या तेव्हाही सुखवस्तू घरांकडे झुकलेल्याच होत्या. मग तेव्हा चाललं ते आता का चाललं नाही? कारण यादीतला दोष आपोआप उत्तरात उतरत नाही. यादीत कोण आहे आणि तो काय उत्तर देतो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जुळला तरच तो उतरतो. आधीच्या निवडणुकांत खिसा आणि मत यांचं नातं सैल होतं. महामंदीच्या काळात रूझवेल्टनी सरकारी खर्चाची जी धोरणं आणली त्यांनी ते घट्ट केलं. जुना दोष तसाच होता, प्रश्नाचं स्वरूप बदललं.

पद्धत चुकीची असूनही चार वेळा उत्तर बरोबर येणं हा फार वाईट अनुभव असतो. त्याने विश्वास वाढतो, आणि तो विश्वास पद्धतीवर आहे की नशिबावर, हे कळायला मार्ग उरत नाही.

त्रुटीमर्यादा काढून पाहू

आज कुठल्याही जनमत चाचणीखाली 'अधिक-उणे ३ टक्के' असं लिहिलेलं असतं. याला मार्जिन ऑफ एरर म्हणतात, मराठीत त्रुटीमर्यादा म्हणू. डायजेस्टने असा आकडा छापला नव्हता. आपण तो काढू.

हिशेब असा. नमुन्यातला एखाद्या उमेदवाराचा वाटा घ्या, त्याला उरलेल्या वाट्याने गुणा, आलेल्या उत्तरांच्या संख्येने भागा आणि वर्गमूळ काढा. ही झाली प्रमाण त्रुटी. तिला १.९६ ने गुणलं की ९५ टक्के विश्वासपातळीची त्रुटीमर्यादा मिळते. १००० जणांचा नमुना आणि निम्मे-निम्मे कौल घेतला तर ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५. भागिले १०००, म्हणजे ०.०००२५. वर्गमूळ ०.०१५८. गुणिले १.९६, म्हणजे ०.०३१. अधिक-उणे ३.१ टक्के. बातम्यांखालचा ३ हा आकडा येतो तो इथून.

उत्तरांची संख्या वर्गमुळाच्या आत आहे, ही यातली कळीची गोष्ट. मर्यादा निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. १००० ला ३.१, ४००० ला १.५५. म्हणूनच हजार-दोन हजारांपुढे जाणं बहुतेकांना परवडत नाही आणि फारसं गरजेचंही नसतं. लोकसंख्या किती आहे याने मात्र जवळपास काहीच फरक पडत नाही. नमुना लोकसंख्येचा मोठा हिस्सा व्यापत असेल तरच तिथे थोडी दुरुस्ती करावी लागते. १९३६ मध्ये सुमारे साडेचार कोटी लोकांनी मतदान केलं. डायजेस्टची उत्तरं त्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दुरुस्तीने मर्यादा स्वतःच्याच जेमतेम अडीच-तीन टक्क्यांनी लहान झाली असती. सोडून देऊ.

आता डायजेस्टचा हिशेब. दोन मुख्य उमेदवारांची मिळून २२,६६,५६६ उत्तरं. ०.४२९ गुणिले ०.५७१ म्हणजे ०.२४५. उत्तरांच्या संख्येने भागून वर्गमूळ काढलं की ०.०००३३. गुणिले १.९६. उत्तर ०.०६ टक्के. म्हणजे रूझवेल्टचा वाटा ४२.९ टक्के, अधिक-उणे एका टक्क्याचा सोळावा भाग.

प्रत्यक्षातली चूक १९.५ टक्के. त्रुटीमर्यादेच्या ३०० पट.

सूत्र इथे चुकलं असं नाही. ते त्याच्याकडे सोपवलेल्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरलेली, माहीत असलेली संधी होती, निवडलेल्या सगळ्यांनी उत्तर दिलं आणि खरं दिलं, असं धरलं तर निव्वळ सोडतीच्या नशिबाने उत्तर किती इकडे-तिकडे होईल? अशा शंभर सोडती काढल्या तर साधारण ९५ वेळा खरा आकडा त्या मर्यादेत सापडेल, एवढंच ते सांगतं. यादीबाहेर कोण राहिलं, कार्ड कुणी कचऱ्यात टाकलं, प्रश्न कसा विचारला, यातलं काहीही त्यात नाही. उत्तरांची संख्या वाढवली की सोडतीच्या नशिबाचा भाग आक्रसत जातो. बाकीची चूक मात्र होती तेवढीच राहते, आणि आकसलेल्या मर्यादेमुळे ती अधिक ठाम वाटू लागते.

जाता जाता दोन गोष्टी, कारण बातम्या वाचताना त्यांची गफलत रोज होते. चाचणीखाली लिहिलेली मर्यादा एका उमेदवाराच्या वाट्याची असते. दोघांमधल्या आघाडीची मर्यादा जवळजवळ दुप्पट असते, कारण एकाचं वाढलं की दुसऱ्याचं घटतं. १००० जणांत ५२ विरुद्ध ४८ असा कौल आला तर आघाडी ४ टक्क्यांची आणि तिची मर्यादा ६ च्या वर. आणि त्याच १००० मधल्या १०० तरुणांबद्दल काही म्हणायचं तर तिथे मर्यादा जवळपास १० टक्के होते. पूर्ण नमुन्याचा ३ हा आकडा पोटगटाला लावता येत नाही.

यादी की प्रतिसाद

आता मुख्य मुद्दा. साडेएकोणीस टक्क्यांतला किती भाग यादीचा आणि किती कार्ड परत न येण्याचा?

शिकागोचं उदाहरण इथे फार मोलाचं आहे. त्या शहरात डायजेस्टने टेलिफोनच्या याद्या वापरल्या नाहीत. नोंदणीकृत मतदारांच्या यादीतल्या दर तिसऱ्या नावाला कार्ड पाठवलं. याला पद्धतशीर नमुना निवड म्हणतात: यादी घ्या, ठरलेल्या अंतराने नावं उचला. क्रम आणि उत्तर यांचा काही गुप्त मेळ नसेल तर ही निवड साध्या यादृच्छिक, म्हणजे सोडत काढून केलेल्या, निवडीइतकीच चांगली. आजच्या परीक्षकालाही या टप्प्यात खोट काढता येणार नाही. साधारण २० टक्के लोकांनी कार्ड परत पाठवलं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांनी लँडनना कौल दिला. निवडणुकीत शिकागोने रूझवेल्टना जवळपास दोनास एक या प्रमाणात मतं दिली.

म्हणजे यादी पक्की, निवड पक्की, आणि निकाल तरीही उलटा. श्रीमंतांच्या याद्यांची गोष्ट इथे लागूच होत नाही. शिकागोत दोष शिरला तो कार्ड लोकांच्या हातात पडल्यानंतर.

ते क्षणभर डोळ्यांसमोर आणा. टपालातून एक कार्ड येतं. ते भरून परत टाकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. सरकारवर नाराज असलेल्या माणसाला ते हाती पडताच आपलं म्हणणं मांडायची संधी दिसते. जे चाललंय ते बरं आहे असं मानणारा माणूस कार्ड टेबलावर ठेवतो आणि ते तिथेच राहतं. दोघांच्या मताचं वजन मतपेटीत सारखं, पण डायजेस्टच्या मोजणीत एकच पोचतो. १९३६ मध्ये कुणाच्या मनात नेमकं काय होतं ते आज विचारता येत नाही. पण प्रतिसाद देण्याची ओढ आणि मताची दिशा या दोन गोष्टी जोडीने चालल्या, एवढं शिकागोचा आकडा स्पष्ट दाखवतो.

दुसरा पुरावा जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांच्या मे १९३७ मधल्या एका पाहणीचा. तीत लोकांना विचारलं होतं की तुमच्याकडे मोटार आणि टेलिफोन आहे का, डायजेस्टचं कार्ड आलं होतं का, परत पाठवलंत का आणि मत कोणाला दिलंत. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ पेव्हरिल स्क्वायर यांनी १९८८ मध्ये या नोंदी पुन्हा तपासल्या. मोटार आणि टेलिफोन दोन्ही असलेल्यांतही रूझवेल्टना सुमारे ५५ टक्के मतं होती, दोन्ही नसलेल्यांत ७९ च्या आसपास. कार्ड आलेल्यांत रूझवेल्ट ५५. त्यांतल्या परत पाठवणाऱ्यांत ४८, न पाठवणाऱ्यांत ६९.

या आकड्यांवरून ढोबळ वाटणी करता येते. देशभरात ६२, कार्ड मिळालेल्यांत ५५: यादीमुळे साधारण ७ टक्के गेले. कार्ड मिळालेल्यांत ५५, परत पाठवणाऱ्यांत ४८: न आलेल्या कार्डांमुळे आणखी ७. उरलेले पाच याने उलगडत नाहीत. पण पहिली पायरी नीट पाहा. ज्यांना कार्ड गेलं त्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं तर, टेलिफोन-मोटारींची ती सदोष यादी असूनही, विजेता म्हणून रूझवेल्ट यांचंच नाव छापलं गेलं असतं. टक्केवारी चुकली असती, माणूस चुकला नसता.

या पुराव्यालाही तपासून घ्यायला हवं. ५५, ४८ आणि ६९ हे तीन आकडे एकत्र जुळायचे तर कार्ड मिळालेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांनी ते परत पाठवलं असं मानावं लागतं. प्रत्यक्षात परत आली एक चतुर्थांशापेक्षाही थोडी कमी, २३.८ टक्के. म्हणजे सहा महिन्यांनी विचारल्यावर पुष्कळांनी 'पाठवलं होतं' असं सांगितलं, ज्यांनी पाठवलं नव्हतं. अशा लोकांची उत्तरं ४८ च्या गटात मिसळली असतील, तर खऱ्या पाठवणाऱ्यांतला रूझवेल्टचा वाटा ४८ पेक्षाही खाली असणार. न उलगडलेल्या पाचांपैकी काही तिथे असू शकतात. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण एका पाहणीची चूक दुसऱ्या पाहणीने मोजताना दुसरीची चूक विसरली जाते.

न आलेल्या उत्तरांबद्दल काहीच गृहीत धरायचं नाही असं ठरवलं तर प्रामाणिक मर्यादा किती येते, हेही काढून पाहण्यासारखं आहे. १०० कार्डांपैकी २४ आली आणि त्यांत रूझवेल्टचा वाटा ४३ टक्के, म्हणजे १०० पैकी साधारण १० कार्डं त्यांची. उरलेल्या ७६ पैकी एकही त्यांचं नसेल तर वाटा १० टक्के. सगळी त्यांची असतील तर ८६. डायजेस्टच्या यादीत रूझवेल्टना १० ते ८६ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी पाठिंबा आहे, इतकंच त्या २३ लाख कार्डांवरून काही न मानता म्हणता येत होतं. ०.०६ च्या शेजारी हे ठेवून पाहा.

तीन हजार कार्डं

जॉर्ज गॅलप तेव्हा या धंद्यात नवे होते. जुलै १९३६ मध्ये, डायजेस्टची कार्डं बाहेर पडण्याआधीच, त्यांनी जाहीर केलं की डायजेस्ट रूझवेल्टना ४४ टक्के देईल. प्रत्यक्षात डायजेस्टचा आकडा आला ४३.

हे त्यांनी केलं कसं? डायजेस्ट ज्या प्रकारच्या याद्या वापरणार होतं त्यांतून यादृच्छिकपणे ३००० नावं उचलली आणि त्यांना टपालाने कार्डं पाठवली. बस्स. ३००० सगळी परत आली असती तर त्रुटीमर्यादा १.८ टक्के. एक चतुर्थांशच आली असं धरलं तर साडेतीन ते चार टक्के. चूक झाली एका टक्क्याची. दोन्ही हिशेबांत मर्यादेच्या आत.

या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत शिकवून जाणारी गोष्ट हीच वाटते. त्रुटीमर्यादेचं सूत्र इथे चोख चाललं, कारण इथे प्रश्न वेगळा होता. गॅलपना देश काय म्हणेल हे सांगायचं नव्हतं, डायजेस्टच्या याद्या टपालाने विचारल्यावर काय म्हणतील हे सांगायचं होतं. त्या प्रश्नासाठी त्यांची यादी पूर्ण होती, निवड यादृच्छिक होती आणि कार्ड न पाठवण्याची लोकांची सवयही तीच होती. शितावरून भाताची परीक्षा होते ती त्याच पातेल्यातल्या भाताची.

मात्र देशाबद्दलचा गॅलप यांचा अंदाज तपासला तर तोही मर्यादेबाहेर जातो, आणि हे फार कमी वेळा सांगितलं जातं. सुमारे ५०,००० लोकांच्या नमुन्यावरून त्यांनी रूझवेल्टना ५६ टक्के दिले. निकाल ६२ च्या वर. एवढ्या नमुन्याची सूत्रातली मर्यादा ०.४४ टक्के. चूक तिच्या दहापटीहून जास्त. विजेता बरोबर आला म्हणून ती झाकली गेली.

कारण कोटा पद्धत. मुलाखतकाराला सांगितलेलं असे की इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, अमुक वयाचे इतके, अमुक आर्थिक स्तरातले इतके. खण भरायचे, पण खणात कोणता माणूस घ्यायचा हे मुलाखतकार ठरवी. आणि कुणीही सहज भेटणारा, बोलायला तयार असणारा, बऱ्या वस्तीतला माणूस आधी निवडतो. अशा निवडीला त्रुटीमर्यादेचं सूत्र लावायचा अधिकारच नाही, कारण कुणाची निवडली जाण्याची संधी किती होती हे माहीत नाही. १९३६, १९४०, १९४४: तिन्ही वेळा गॅलप यांनी रिपब्लिकन पक्षाला निकालापेक्षा जास्त दिलं. १९४८ मध्येही दिलं, पण तेव्हा लढत अटीतटीची होती, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे ट्रूमन यांच्याऐवजी रिपब्लिकन ड्युई जिंकणार असं सांगून अंदाज उघडा पडला. डायजेस्टचीच गोष्ट पुन्हा घडली: दोष जुना, अडचण नवी. त्यानंतर या क्षेत्राने संभाव्यतेवर आधारलेल्या निवडीकडे तोंड वळवलं.

धोक्याची सूचना आधीच मिळाली होती. संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे जो निबंध वाचला त्यात इटलीचं एक उदाहरण आहे. १९२१ च्या जनगणनेचे सगळे कागद सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून २१४ प्रशासकीय विभागांपैकी २९ असे निवडले की त्यांच्या काही सरासऱ्या देशाच्या सरासऱ्यांशी जुळाव्यात. त्या जुळल्या. पण ज्या गोष्टी निवडताना पाहिल्या नव्हत्या, त्या मोठ्या फरकाने जुळल्या नाहीत. नेमननी दाखवून दिलं की लोकसंख्येचे स्तर पाडावेत, पण प्रत्येक स्तरातली निवड सोडतीवर सोडावी. कोटा आणि स्तरित नमुना वरून सारखे दिसतात. फरक एवढाच की शेवटचा माणूस कोण निवडतो, मुलाखतकार की सोडत, आणि सगळा हिशेब त्या एका फरकावर उभा असतो.

प्रत्यक्ष घरोघरी जाऊन विचारायचं तर शुद्ध यादृच्छिक निवड झेपत नाही, माणसं देशभर विखुरलेली असतात. म्हणून आधी वस्त्या निवडायच्या, मग वस्तीतली घरं. हा समूह नमुना, आणि त्याची किंमत त्रुटीमर्यादेत मोजावी लागते, कारण शेजारी-शेजारी राहणारे काही प्रमाणात सारखा विचार करतात. समजा ५० वस्त्यांत २०-२० मुलाखती घेतल्या आणि एका वस्तीतल्या उत्तरांचा आपसातला सहसंबंध ०.०५ आहे. मग विचरण, म्हणजे प्रमाण त्रुटीचा वर्ग, १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पटीने वाढतं. १००० मुलाखतींची किंमत ५१३ स्वतंत्र मुलाखतींएवढी होते आणि मर्यादा ३.१ ऐवजी ४.३. पाहणी करणाऱ्याने मुलाखतींची संख्या सांगितली आणि हा गुणक सांगितला नाही, तर छापलेली मर्यादा खरी नव्हे.

सहा माणसं

शीर्षकातला आकडा आता काढू. डायजेस्टची २३ लाख उत्तरं किती माणसांच्या शुद्ध यादृच्छिक नमुन्याच्या तोलाची होती?

रूझवेल्टचा खरा वाटा ०.६२५. त्याला ०.३७५ ने गुणून वर्गमूळ काढलं तर ०.४८४. कुठल्याही यादृच्छिक नमुन्याची प्रमाण त्रुटी म्हणजे हा आकडा भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ. ही त्रुटी डायजेस्टच्या चुकीएवढी, ०.१९५, व्हायला किती माणसं लागतील? ०.४८४ भागिले ०.१९५ म्हणजे २.४८. त्याचा वर्ग ६.१५.

सहा. पूर्ण मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून सहा माणसं काढली असती आणि सहाही जणांनी उत्तर दिलं असतं, तर त्यांचा अंदाज साधारण एवढाच चुकला असता.

हे इतकं टोकाला कसं जातं, याचं सुबक स्पष्टीकरण हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शाव-ली मंग यांनी २०१८ मध्ये मांडलं. पाहणीतली चूक तीन गोष्टींचा गुणाकार असते. उत्तर देणं आणि उत्तर काय देणं यांच्यातला सहसंबंध, ही पहिली. न पोचलेल्या लोकांचं पोचलेल्यांशी गुणोत्तर घेऊन त्याचं वर्गमूळ, ही दुसरी. मुळात मतं किती विखुरलेली आहेत, ही तिसरी. डायजेस्टसाठी दुसरी गोष्ट सुमारे ४.३, तिसरी ०.४८४. गुणाकार १९.५ टक्के यायचा तर सहसंबंध जेमतेम ०.०९ पुरतो. एखाद्या अहवालात ०.०९ चा सहसंबंध दिसला तर आपण तो नगण्य म्हणून पुढे जातो. इथे त्याने २३ लाखांतून सहा माणसं शिल्लक ठेवली. आणि लोकसंख्या जितकी मोठी, तितका तेवढाच सहसंबंध जास्त महागात पडतो, कारण न पोचलेल्यांचं गुणोत्तर फुगत जातं. यादृच्छिक निवडीत लोकसंख्येचा आकार बिनमहत्त्वाचा असतो. आपणहून आलेल्या उत्तरांत तो पुन्हा महत्त्वाचा होतो.

कार्डावरचा दुसरा प्रश्न

डायजेस्टच्या कार्डावर १९३२ चं मतही विचारलं होतं. ती उत्तरं साप्ताहिकात राज्यवार छापून येत होती: लँडनना कौल देणाऱ्यांपैकी इतक्यांनी मागच्या वेळी रिपब्लिकन पक्षाला मत दिलं होतं, इतक्यांनी डेमोक्रॅटिक, इतक्यांनी दिलंच नव्हतं. आणि १९३२ चा खरा निकाल सगळ्यांना माहीत होता. रूझवेल्ट ५७.४ टक्के, तेव्हाचे रिपब्लिकन उमेदवार हूव्हर ३९ च्या वर.

नमुन्यातल्या माणसांची मागची मतं देशाच्या मागच्या निकालाशी जुळत नसतील, तर ज्या गटाची माणसं कमी आली त्यांच्या उत्तरांना जास्त वजन द्यायचं, जास्त आली त्यांना कमी. याला भारांकन म्हणतात. आज प्रत्येक गंभीर पाहणीत ते होतं. २०१७ मध्ये शॅरन लोर आणि मायकेल ब्रिक या दोन संख्याशास्त्रज्ञांनी डायजेस्टच्याच छापील तक्त्यांवर ते करून पाहिलं. भारांकनानंतर निर्वाचक मंडळात बहुमत रूझवेल्टना मिळालं. विजेता बरोबर आला.

टक्केवारी मात्र तरीही निकालापासून लांबच राहिली, आणि हे त्या दोघांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवलं आहे. कारण भारांकनात एक गृहीतक दडलेलं असतं: १९३२ मध्ये रूझवेल्टना मत दिलेल्यांपैकी ज्यांनी कार्ड पाठवलं, ते न पाठवणाऱ्यांसारखेच आहेत. मागच्या वेळचा जो रूझवेल्ट-मतदार आता नाराज झाला होता, तोच कार्ड भरायला जास्त उत्सुक असेल, तर त्याला वजन वाढवून देऊन चूक पुरती निघत नाही. एका गटाच्या आतला कल त्या गटाचा आकार दुरुस्त करून जात नाही.

पण आकाराची दुरुस्ती करायला लागणारं सगळं साहित्य डायजेस्टपाशी होतं. उत्तरं त्यांची, तक्ते त्यांचे, १९३२ चा निकाल सार्वजनिक. गणित त्रैराशिकापलीकडचं नव्हतं. निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यांत ते रकाने अंकाअंकातून वाचकांच्या समोर होते, लँडन यांच्या आघाडीच्या आकड्याला अगदी लागून.